खाज, इसब आणि आक्कांची वही



आमच्या गावात रात्रीचा वर्ग भरतो. त्या वर्गात एक बाई येतात. वय पन्नाशीच्या पुढचे. सगळे त्यांना आक्का म्हणतात. दोन वर्षांत आक्का वाचायला शिकल्या. आता एस.टी.ची पाटी वाचतात. औषधाच्या बाटलीवरचे नावही वाचतात. जे दिसेल ते वाचायचे, अशी त्यांना सवयच लागली आहे.

भाद्रपद महिना होता. आक्का चार दिवस वर्गाला आल्या नाहीत. पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. पाहतो तर आक्का पडवीत एकट्या बसलेल्या. शेजारी वेगळे ताट, वेगळा तांब्या. अंथरूणही तिथेच. आत चुलीपाशी सून डोळ्याला पदर लावून बसली होती.

मी विचारले, "आक्का, हे काय?"

"गुरुजी, लांबच बसा. मला महारोग झालाय."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे कोणी? मी वाचलं. तुम्हीच शिकवलंत ना वाचायला!"

त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. आठ दिवसांपूर्वी त्या तालुक्याला वैद्यबाईंकडे गेल्या होत्या. तोंडाला, मानेला आणि हातांना फार खाज सुटत होती. तीन वर्षे हा त्रास चालू होता. वैद्यबाईंनी कागदावर रोगाचे नाव लिहिले होते, "विचर्चिका, क्षुद्रकुष्ठ". पहिला शब्द आक्कांना वाचता आला नाही. दुसरा त्यांनी एकेक अक्षर लावून वाचला. 'क्षुद्र' म्हणजे काय, ते ठाऊक नव्हते. पण 'कुष्ठ' हा शब्द ठाऊक होता. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे. घरी येऊन त्यांनी आपल्या हाताने आपले ताट वेगळे केले. नातवाला जवळ घेणे बंद केले. कोणाला विचारले नाही, की वैद्यबाईंकडे परत गेल्या नाहीत.

मी वैद्य नव्हे. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आक्कांना आणि त्यांच्या सुनेला घेऊन तालुक्याला गेलो. तेथे जे ऐकले, आणि पुढे दोन वर्षांत जे पाहिले, ते या पाठात लिहीत आहे. खाजेने हैराण झालेली माणसे प्रत्येक गावात असतात. त्यांना याचा उपयोग होईल.

एक शब्द, दोन अर्थ

वैद्यबाईंनी कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "आक्का, चूक माझी झाली. शब्द लिहिला, पण समजावून सांगितला नाही."

आयुर्वेदाचे ग्रंथ फार जुने आहेत. त्यांत 'कुष्ठ' हा शब्द कातडीच्या बहुतेक सर्व रोगांना लावला आहे. चरकसंहितेत कुष्ठाचे १८ प्रकार सांगितले आहेत. त्यांतले ७ मोठे, म्हणजे महाकुष्ठ. उरलेले ११ लहान, म्हणजे क्षुद्रकुष्ठ. क्षुद्र म्हणजे लहान, हलके. या ११ लहान प्रकारांत कोण कोण आहे, पाहा. दद्रु आहे, म्हणजे आपले गजकर्ण. पामा आहे, तिला आपण खरूज म्हणतो. विपादिका आहे, म्हणजे हातापायांच्या भेगा. आणि विचर्चिका आहे. विचर्चिका म्हणजे इसब.

आता सांगा, टाचेला भेगा पडल्या म्हणून कोणी ताट वेगळे करते का?

आज आपण कुष्ठरोग किंवा महारोग म्हणतो, तो वेगळा. त्याच्या चट्ट्याला सहसा खाज नसते. उलट तेथली जाणीव कमी होते. ऊन-थंड कळत नाही, टोचलेले कळत नाही. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तो बधिर असेल, तर लगेच सरकारी दवाखान्यात दाखवावे. त्या रोगाचे औषध तेथे फुकट मिळते. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा एक वर्ष गोळ्या घ्याव्या लागतात, आणि रोग पूर्ण बरा होतो. औषध सुरू केले, की थोड्याच दिवसांत त्याची लागण दुसऱ्याला होण्याचे थांबते. म्हणजे ताट वेगळे करण्याचे कारण त्या रोगातही नाही.

वैद्यबाईंनी आक्कांचा हात हातात घेतला. चट्ट्यावर कापसाने हळूच स्पर्श केला. आक्कांनी डोळे मिटले होते. तरी प्रत्येक वेळी त्या बरोबर जागा सांगत होत्या. सुनेने ते पाहिले. परत येताना गाडीत तिने आपल्या पेल्यातला चहा आक्कांना दिला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

खाज कोणती, ते आधी ओळखा

खाज सगळी सारखी नसते. एकाचे औषध दुसऱ्याला लावले, तर रोग वाढतो.

खरूज रात्री अंथरुणात जास्त खाजते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, कमरेला बारीक पुरळ येते. घरात एकाला झाली, की हळूहळू सगळ्यांना होते. कारण ती एका बारीक किड्याने होते. डोळ्यांना तो दिसत नाही. कातडीत बीळ करून राहतो. घरातल्या सगळ्या माणसांनी एकाच दिवशी औषध लावावे लागते, आणि कपडे, अंथरूण, पांघरूण गरम पाण्यात धुवावे लागते. एकट्याने औषध लावून खरूज जात नाही.

गजकर्णाचा चट्टा गोल असतो. कडा उचललेली आणि लाल असते. मधली जागा बरी झाल्यासारखी दिसते. जांघेत, कमरेला, परकराची नाडी बसते तेथे तो पुष्कळदा येतो. हे एका बुरशीचे काम. भाकरीला बुरशी येते ना, त्याच जातीचा प्रकार. त्यावर आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे टाकळ्याचे बी ताकात वाटून लावणे. टाकळ्याचे संस्कृतातले एक नावच दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा. पण टाकळा झोंबतो. नाजूक जागी लावू नये. आणि गजकर्ण पसरलेले असेल, तर डॉक्टरांचे बुरशीवरचे औषध घ्यावे. वर दिसेनासे झाले तरी डॉक्टर सांगतील तितके आठवडे ते चालू ठेवावे.

इसब या दोघांहून वेगळा. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. हे वाक्य पुन्हा वाचा. इसब एकाचा दुसऱ्याला होत नाही. कातडी लाल होते, बारीक फोड येतात, लस वाहते, मग खपली धरते. माणूस खाजवत राहतो. खाजवून खाजवून कातडी जाड आणि काळी पडते, म्हशीच्या कातड्यासारखी. जाड झालेली कातडी आणखी खाजते. म्हणजे खाज खाजेला जन्म देते. कोणाला पायावर होतो, कोणाला हातावर. काहींना लहानपणापासून असतो, आणि अशा घरांत दमा किंवा वरचेवर सर्दीचा त्रासही पुष्कळदा आढळतो.

आक्कांना इसब होता. पण कशाने?

वही

वैद्यबाई म्हणाल्या, "आयुर्वेदात पहिला उपाय औषधाचा नाही. ज्यानं रोग होतो, ते सोडायचं. त्याला निदान-परिवर्जन म्हणतात. छप्पर गळतंय, आणि आपण खालची जमीन पुसत बसलो, तर घर कोरडं होईल का? आता तुमचं छप्पर कुठं गळतंय, ते मला बसल्या जागी कळणार नाही. तुम्हाला लिहिता येतं ना? मग रोज रात्री लिहा. आज काय खाल्लं, कुठं काम केलं, अंगाला काय लागलं, खाज किती."

आक्कांनी नातवाची एक जुनी वही घेतली. मागची पाने कोरी होती. त्यांनी लिहायला सुरुवात केली. ती वही त्यांनी मला पुढे दाखवली. अक्षर वेडेवाकडे, पण वाचता येण्यासारखे. "सोमवार. बांधावर खुरपले. भाकरी, मेथी. खाज थोडी." "मंगळवार. घरी. खाज थोडी." "बुधवार. घरी. डोळे सुजले. खाज फार."

पहिले पंधरा दिवस काही कळेना. आक्कांना वाटे, बुधवारी खाज वाढली म्हणजे बुधवारी काही तरी खाल्ले असेल. मेथी सोडली. मग वांगे सोडले. मग शेंगदाणे सोडले. खाज जाईना. माणूस बारीक होऊ लागला.

पण वैद्यबाईंनी वही हातात घेतली, आणि एका ओळीखाली दुसरी ओळ न पाहता दोन ओळी सोडून तिसरी ओळ पाहिली. ज्या दिवशी आक्का बांधावर खुरपायला जात, त्याच्या दोन दिवसांनी डोळे सुजत. दर वेळी. चार वेळा बांधावर गेल्या, चारही वेळा तसेच झाले.

त्याचे कारण असे. शरीराला एखादी वस्तू सोसत नसेल, तर ती लागल्याबरोबर इसब उठतोच असे नाही. पुष्कळदा एक ते तीन दिवस जातात. तोवर माणूस ते काम विसरून गेलेला असतो. मग तो ताटातल्या भाजीला दोष देतो. कोणी म्हणतो बाहेरचे झाले, कोणी म्हणतो नवस राहिला. वही नसती, तर आक्कांनीही तेच म्हटले असते. शेजारणीने तसे म्हणून झालेही होते.

बांधावर काय होते? गाजरगवत.

हे गवत तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली. फुले बारीक आणि पांढरी. गुडघ्याएवढे, कमरेएवढे, कधी त्याहूनही उंच वाढते. काही लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात. ते आपल्या देशातले नव्हे. त्याचे मूळ घर मेक्सिको आणि अमेरिकेचा उष्ण भाग. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले, असे सांगतात. पुण्याला ते १९५५ च्या सुमारास दिसले, आणि नंतर सगळ्या देशात पसरले. एका झाडाला हजारो बिया येतात. जनावरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. त्यामुळे ते वाढतच जाते.

या गवतात एक द्रव्य असते. काही माणसांच्या कातडीला ते सोसत नाही. दहा जण खुरपतात, नऊ जणांना काही होत नाही, एकाला होते. आणि तेही पहिल्या वर्षी होईलच असे नाही. चार-पाच वर्षे गवत उपटावे, तोवर काही नाही, आणि मग एके वर्षी शरीर एकदम फिरते. एकदा फिरले, की पुढे थोडासा स्पर्शही पुरतो. वाळलेल्या गवताचा चुरा वाऱ्याबरोबर उडतो, तोही पुरतो. म्हणून इसब उघड्या अंगावर येतो. पापण्या, तोंड, मान, कोपराची घडी, हाताचा पंजा, अशा जागी. पदराखाली, चोळीखाली अंग स्वच्छ राहते. आक्कांचे अगदी तसेच होते. आपण कोणी नीट पाहिले नव्हते, एवढेच.

कारण प्रत्येकाचे वेगळे असते, हे मात्र ध्यानात ठेवा. गवंडीकाम करणाऱ्याला ओल्या सिमेंटने होतो. सतत भांडी-धुणे करणाऱ्या बाईला साबण आणि सोड्याने होतो. माझेच सांगतो. माझ्या दोन्ही पावलांवर अंगठ्यापासून मागे दोन पट्टे उठत. मी दोन वर्षे दही सोडले, लोणचे सोडले. शेवटी एके दिवशी चप्पल पायात घालताना पाहिले, की चपलेचे पट्टे जेथे बसतात, नेमके तेथेच इसबाचे पट्टे. चप्पल बदलली. तीन महिन्यांत पाय साफ झाले. मुलांना भूमितीत आकृती नीट पाहा म्हणून सांगण्यात माझा जन्म गेला, आणि स्वतःच्या पायावरची आकृती मला दोन वर्षे दिसली नाही.

उपचार

कारण सापडले, तरी कातडी एका दिवसात बरी होत नाही. कातडी ही घराच्या भिंतीसारखी आहे. लिंपण उखडले, की ऊन, धूळ, पाणी आत जाते. भिंत पुन्हा लिंपावी लागते. त्याला आठवडे लागतात, कधी महिने लागतात.

आंघोळ रोज करावी, पण पाणी कोमट असावे. कढत पाणी खाजेवर ओतले, की क्षणभर फार बरे वाटते. मग खाज दुप्पट होते. वजरीने, घासणीने अंग घासू नये. साबण शक्य तितका कमी करावा. त्याऐवजी मुगाचे पीठ लावावे. अंग टॉवेलने चोळू नये, टिपून घ्यावे. आणि अंग थोडे ओलसर असतानाच खोबरेल तेल लावावे. तेलाने आतला ओलावा आत राहतो. उपाय साधा आहे, पण रोज करावा लागतो, म्हणून कोणी करत नाही.

इसब ओला असेल, लस वाहत असेल, तर त्यावर तेल किंवा मलम थापू नये. तेव्हा काढ्याने धुवावे. वैद्यबाईंनी आक्कांना वड, पिंपळ आणि उंबर यांच्या सालींचा काढा सांगितला. त्रिफळ्याचाही चालतो. दोन चमचे भरड, चार पेले पाणी, अर्धे राहीपर्यंत उकळायचे. स्वच्छ फडक्यातून गाळायचे. पूर्ण निवू द्यायचे. उकळून घेतलेली मऊ धुवट कापडी घडी त्यात भिजवून चट्ट्यावर दहा-पंधरा मिनिटे ठेवायची. सकाळ-संध्याकाळ. काढा रोज ताजा करायचा, कालचा नाही. या साली तुरट असतात. तुरट रसाने लस आटते.

कोरड्या, जाड इसबावर स्निग्ध उपचार. त्यासाठी शतधौत घृत फार चांगले. शत म्हणजे शंभर, धौत म्हणजे धुतलेले. शंभर वेळा धुतलेले तूप. तांब्याच्या परातीत गायीचे तूप घ्यायचे. त्यात थंड पाणी घालून हाताने फेटायचे, पाणी ओतून टाकायचे, पुन्हा घालायचे. असे शंभर वेळा. तूप पांढरेशुभ्र आणि लोण्यासारखे मऊ होते. लावले की आग शमते. आक्का आणि सून समोरासमोर बसून ते करीत. सून पाणी ओते, आक्का फेटीत आणि मोजीत. एकदा मी गेलो तेव्हा आक्का सदुसष्टपर्यंत आल्या होत्या. मी बोललो, आणि त्या मोजणी चुकल्या. मला ओरडा बसला. बरोबरच होते.

कोणतीही नवी वस्तू, मग ती झाडपाल्याची का असेना, आधी दंडाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून पाहावी. दोन-तीन दिवस थांबावे. गाजरगवतही झाडपालाच आहे, हे विसरू नये.

खाण्याविषयी आयुर्वेदाचे सांगणे असे, की एकमेकांशी न जुळणारे पदार्थ एकत्र खाल्ल्याने कातडीचे रोग होतात. त्याला विरुद्ध आहार म्हणतात. मासे खाऊन दूध पिणे, मुळा किंवा लसूण खाऊन वर दूध पिणे, ही त्याची उदाहरणे. खूप आंबट, खूप खारट, शिळे, आणि दुपारी जेवून लगेच ताणून झोपणे, हेही वर्ज्य. जुने तांदूळ, मूग, ज्वारी, पडवळ, दुधी भोपळा असे हलके अन्न घ्यावे. पण म्हणून आक्कांसारखे एकेक पदार्थ सोडत उपाशी राहू नये. ज्या पदार्थाने खाज वाढते असे वहीत तीन-चार वेळा दिसेल, तोच सोडावा. विशेषतः लहान मुलांचे दूध, अंडे, डाळ कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नये.

पोटातली औषधे वैद्याने द्यायची. मंजिष्ठेचा काढा, खैराचा काढा, गंधक रसायन, आरोग्यवर्धिनी अशी पुष्कळ नावे तुमच्या कानांवर येतील. शेजाऱ्याला गुण आला, म्हणून ती आपण आणून खाऊ नयेत. आरोग्यवर्धिनीत शोधलेला पारा आणि तांब्याचे भस्म असते. ती किती दिवस द्यायची, कोणाला मुळीच द्यायची नाही, हे शिकलेल्या वैद्यालाच कळते. गरोदर बाईने तर विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये. वैद्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो. आता आपल्याला वाचता येते. तो वाचावा.

अश्विन महिन्यात वैद्यबाईंनी आक्कांना विरेचन दिले. शरद ऋतूत हा उपचार करावा, असे शास्त्र आहे. आधी पाच दिवस सकाळी पंचतिक्त घृत, म्हणजे पाच कडू औषधांनी सिद्ध केलेले तूप. ते इतके कडू, की आक्का म्हणाल्या, "गुरुजी, याच्यापुढं कारलं साखर आहे." मग तेलाने अंग चोळणे आणि शेक. मग एक दिवस जुलाबाचे औषध, दवाखान्यात, वैद्यबाईंच्या नजरेखाली. त्यानंतर लगेच भाकरी नाही. पहिल्या दिवशी पातळ पेज, मग घट्ट पेज, मग मूगभात, असे चढत चढत नेहमीचे जेवण. घरी जमालगोटा खाऊन जो जुलाब करतात, तो हा उपचार नव्हे. त्याने अंगातले पाणी जाऊन माणूस दगावू शकतो.

हे करू नका

आक्कांनी वैद्यबाईंकडे जाण्यापूर्वी काय काय केले होते, ते मी विचारून घेतले. एकाने सांगितले म्हणून हाताला बिब्बा लावला होता. तेथे भाजल्याचा डाग कायमचा राहिला आहे. दुसऱ्याने सांगितले म्हणून रुईचा चीक लावला. फोड आले. रॉकेल लावून झाले. मोरचूद लावून झाले. खाजेने वेडा झालेला माणूस कोणाचेही ऐकतो, त्यात त्याचा दोष नाही. पण या चारही गोष्टी कातडी जाळतात.

पाचवी गोष्ट सर्वांत फसवी. एका दुकानातून त्यांनी मलमाची ट्यूब आणली होती. चिठ्ठी नव्हती, कोणी विचारलेही नाही. लावले, की दोन दिवसांत खाज बंद. आक्कांना वाटले, देवच भेटला. महिन्यामागून महिने तोंडाला तेच लावले. पण सोडले, की चौथ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त. गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली. लाल शिरा दिसू लागल्या. त्या मलमात स्टिरॉइड नावाचे जोरदार औषध होते. ते वाईट नाही. डॉक्टर योग्य जागी, थोडे दिवस देतात, तेव्हा ते मोठे कामाचे असते. पण आपल्या मनाने, महिनोन्महिने लावू नये. गजकर्णावर लावले, तर वरची लाली जाते आणि बुरशी मात्र आत पसरत राहते. २०१८ साली सरकारने नियम केला, की अशी पुष्कळशी स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत. तेव्हा दुकानदाराने तशीच ट्यूब पुढे केली, तर आपणच 'चिठ्ठी आणतो' म्हणावे.

आणखी एक. बाजारात, जत्रेत बिननावाच्या पुड्या मिळतात. 'झाडपाल्याचे औषध, एका आठवड्यात इसब साफ' असे सांगतात. ज्या पुडीवर औषधाचे नाव नाही, करणाऱ्याचे नाव नाही, तारीख नाही, ती घेऊ नये. अशा काही पुड्यांत तेच स्टिरॉइड दळून घातलेले सापडले आहे.

आणि ज्या वेळी दवाखान्यात धावायचे, त्या वेळी घरगुती उपाय करत बसू नये. चट्ट्यात पू झाला, पिवळी खपली आली, ताप आला, तोंड फार सुजले, सगळे अंग लाल झाले, तर त्याच दिवशी दवाखाना. मागच्या वर्षी श्रावणात आक्कांचे डोळे सुजून बंद झाले. वैद्यबाईंनी आपला काढा बाजूला ठेवला, आणि त्यांना जिल्ह्याच्या इस्पितळात कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवले. तेथे आठ-दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, सूज उतरली. मग पुन्हा वैद्यबाईंचा उपचार सुरू झाला. मला हे फार आवडले. आपले औषध कोठे थांबते, हे ज्याला कळते, तोच खरा वैद्य.

गवताचे काय केले

गवत तर गावभर होते. एकट्या आक्कांच्या बांधावरचे काढून भागणार नव्हते. ग्रामसभेत आक्कांच्या मुलाने विषय काढला. आषाढात, फुले येण्याआधी, वाडीतल्या लोकांनी बांध आणि रस्त्याच्या कडा साफ केल्या. हातमोजे नव्हते, त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला बांधल्या. तोंडाला फडके बांधले. फुलापूर्वी उपटले, तर त्याचे खत होते. फुलानंतर उपटले, तर बी झडते आणि दुप्पट उगवते. ते जाळू नये, धूर लोकांच्या अंगावर येतो. मोकळ्या कडांना आम्ही टाकळ्याचे बी फेकले. टाकळा दाट वाढला, की गाजरगवताला जागा उरत नाही. वरून कोवळ्या टाकळ्याची भाजीही होते. गाजरगवताची पाने खाणारा एक भुंगा आहे. १९८४ मध्ये तो मेक्सिकोहून आणून आपल्या देशात सोडला. पावसाळ्यात तो आमच्या गावातही दिसतो. पांढुरका, त्यावर काळ्या रेघा. त्याला मारू नका.

ज्याला गवताचा त्रास आहे, त्याने उपटायला जाऊ नये. आक्का त्या दिवशी घरीच होत्या. ओट्यावर बसून कोण कोण कामाला आले, त्यांची नावे लिहीत होत्या.

खाज पूर्ण गेली का, असे तुम्ही विचाराल. नाही. श्रावण-भाद्रपदात अजून थोडी येते. वारा सुटला की मान लाल होते. दसऱ्याला शेवंतीची माळ त्या हातात घेत नाहीत, कारण शेवंती गाजरगवताच्याच कुळातली आहे, आणि दोन वर्षे वहीत तसे दिसले. पण रात्रीची झोप लागते. हाताची कातडी मऊ झाली आहे. ताट, तांब्या केव्हाच घरात गेले.

आता त्यांची तिसरी वही चालू आहे. परवा मी सहज उघडली. शेवटच्या पानावर होते, "शुक्रवार. घरी. नातू मांडीवर झोपला. खाज नाही."